पाचपाखाडीचं वन बीएचके विकून घोडबंदरला बुकिंग करावं का?

प्रश्न: ठाण्यात पाचपाखाडीला १९९२ च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ४३० चौरस फूट कार्पेटचं आमचं वन बीएचके आहे. लिफ्ट नाही. ऑगस्ट २०१० मध्ये स्टॅम्प ड्युटीसह ३१ लाखांना घेतलं. आम्हा नवरा-बायकोच्या नावावर आहे, कर्ज फिटलंय. आता ९८ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला ६१८ फुटांचं टू बीएचके १ कोटी २४ लाखांत बुक करायचा विचार आहे, पझेशन डिसेंबर २०२८. जून २०२६ मध्ये घर विकून तोपर्यंत इथेच भाड्याने राहू. बिल्डर बुकिंगला २० टक्के मागतोय. एजंट म्हणतो, मेट्रो सुरू झाली की हा भाव मिळणार नाही. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा दोन वर्षं चालू आहे. हातात येणारा पगार १.४५ लाख, घरखर्च ७५ हजार, एफडी आणि फंड मिळून २२ लाख. आई ७२ वर्षांची, मुलगी नौपाड्यातल्या शाळेत यंदा नववीत जाईल. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: नमस्कार. मोठं घर घ्यायचा निर्णय बरोबर आहे, आईंसाठी तर तो लांबवू नका. पण ज्या पद्धतीने घ्यायचं ठरवताय ती मला पटत नाही.

आधी भावाचं बोलू, कारण एजंट त्याच गोष्टीने घाई करतोय. घर विकून घर घेणाऱ्याला भाव दोन्ही बाजूंनी लागतो. ठाण्यात सगळीकडे भाव १० टक्के वाढले तर तुमचं ९८ लाखांचं घर १०८ वर जाईल आणि समोरचं १२४ चं १३६ वर. तुमच्या खिशातून जाणारा फरक २६ लाखांवरून साधारण साडेअठ्ठावीस लाख होईल. घाबरण्यासारखी रक्कम ही एवढीच, अडीच लाखांची. भाव उतरले तर तेवढाच फायदा. मेट्रोचं म्हणाल तर वडाळा-कासारवडवली मार्गाचं काम २०१८ पासून चालू आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यावर चाचणीही झाली. ही बातमी घोडबंदरच्या भावात कधीच मुरली आहे. तुमचे पैसे खरे जातील ते एक घर सोडणं आणि दुसऱ्यात राहायला जाणं यांच्या मधल्या अडीच वर्षांत.

आता कासारवडवलीच्या घराची पूर्ण किंमत बघा. करार १२४ लाख. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, म्हणजे ६.२० लाख. ठाणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ८.६८ लाख. नोंदणी ३० हजार. तुम्ही पाठवलेल्या कॉस्ट शीटमध्ये पार्किंग, क्लब आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स मिळून ३.५० लाख आहेत. बेरीज १४२.६८ लाख. शिवाय भाडं: ३० हजारांपासून सुरू करून दर वर्षी ५ टक्के वाढ धरली तर ३० महिन्यांचे ९.३६ लाख. विक्रीचे पैसे हप्त्याहप्त्याने जाणार असल्याने मधल्या काळात त्यांवर व्याज मिळेल, कर भरून साधारण पाच लाख. ते वजा केलं तरी चार-साडेचार लाखांचा खड्डा राहतो. पझेशन एक वर्ष लांबलं तर भाड्याचे आणखी चार लाख, आणि तोवर बहुतेक पैसे बिल्डरकडे गेलेले असल्याने त्या वर्षी व्याजाचा आधार जवळजवळ नसेल. उशीर झाल्यास बिल्डरकडून व्याज मागण्याचा हक्क रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. पण तो बजावून रक्कम हातात यायला वेळ लागतो आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

याच्यासमोर कापूरबावडी, मानपाडा, कोलशेत या पट्ट्यातलं ओसी (महापालिकेचा वापर परवाना) मिळालेलं सात-आठ वर्षं जुनं टू बीएचके ठेवा. समजा ते १२८ लाखांना मिळालं. जीएसटी नाही. स्टॅम्प ड्युटी ८.९६, नोंदणी ०.३०, ब्रोकरेज १ टक्क्याने १.२८, सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार (यापेक्षा जास्त 'देणगी' मागितली तर देऊ नका), रंगकाम आणि किरकोळ दुरुस्तीला ३ लाख. बेरीज १४१.७९ लाख. चार लाख महाग दिसणारं घर प्रत्यक्षात नव्यापेक्षा थोडं स्वस्तच पडतं, आणि भाडं वाचतं ते वेगळं. लिफ्ट पहिल्या दिवसापासून मिळते. आई ७२ च्या आहेत. डिसेंबर २०२८ ला त्या ७५ च्या आसपास असतील. तोवर भाड्याचं जुनं घर म्हणजे बहुधा पुन्हा जिनेच.

मुलीच्या शाळेचा मुद्दा मात्र माझ्या सल्ल्याच्या विरोधात जातो, तो लपवत नाही. तिची दहावी मार्च २०२८ मध्ये, आणि माझ्या पद्धतीने तुम्ही त्याआधीच शाळेपासून लांब जाल. कासारवडवलीइतक्या लांबून नौपाडा सकाळी गाठणं दहावीच्या वर्षात जाच होईल. म्हणून तयार घर बघताना कापूरबावडी, मानपाडा, कोलशेत इथे थांबा, त्यापुढे जाऊ नका. वीस-तीस फूट कमी मिळाले तरी चालेल.

बिल्डरच्या २० टक्क्यांबद्दल: नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेराच्या कलम १३ नुसार बंदी आहे. जो बिल्डर पहिल्याच भेटीत हा नियम मोडतो, तो पुढे तारखा पाळेल यावर मी तुमची जन्माची पुंजी लावणार नाही. मन तिथेच असेल तर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून दोन गोष्टी बघा. पहिली, मूळ पूर्णत्वाची तारीख आणि आताची तारीख. एकदा वाढवलेली तारीख पुन्हा वाढू शकते. दुसरी, कमेन्समेंट सर्टिफिकेट (सीसी, म्हणजे बांधकामाची परवानगी) किती मजल्यांपर्यंत आहे. तुम्हाला २२ वा मजला विकला जात असेल आणि सीसी १४ पर्यंतच असेल, तर तो मजला अजून कागदावरही मंजूर नाही. हप्त्यांचं वेळापत्रकही तपासा. आदर्श करारनाम्यात प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) किमतीच्या ४५ आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के ही मर्यादा आहे.

कराकडे येऊ. तुम्ही २३ जुलै २०२४ च्या आधी घर घेतल्यामुळे दोन पद्धतींपैकी जिच्यात कर कमी ती तुम्हाला लागू होते. ब्रोकरेज वजा करून विक्री ९७.०२ लाख. इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) नफा ६६.०२ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ८.२५ लाख. इंडेक्सेशन घेतलं तर २०१०-११ चा निर्देशांक १६७ आणि २०२५-२६ चा ३७६ धरून खरेदीची किंमत ६९.८० लाख होते, नफा २७.२२ लाख आणि २० टक्क्यांनी कर ५.४४ लाख. नव्या वर्षाच्या निर्देशांकाने आकडा थोडा सरकेल. सेस आणि अधिभार मी धरलेला नाही. पण हा कर भरावाच लागेल असं नाही. कलम ५४ ची सवलत (एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलला, सवलत कायम आहे) घेतली आणि पूर्ण ६६ लाख नव्या घरात गेले तर कर शून्य.

इथेच मधलं अंतर पुन्हा आडवं येतं. तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं असतं. बांधकाम चालू असलेलं घर साधारणपणे 'बांधलेलं घर' धरलं जातं आणि ते विक्रीपासून तीन वर्षांत पूर्ण व्हावं लागतं. जून २०२६ मध्ये विकलंत तर मुदत जून २०२९. बिल्डरची तारीख डिसेंबर २०२८. मध्ये फक्त सहा महिने. पैसे भरलेत पण उशीर बिल्डरचा, अशा प्रकरणांत अनेकदा निकाल करदात्याच्या बाजूने लागले आहेत, पण त्यासाठी नोटिसा आणि अपिलं सोसावी लागतात. शिवाय विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला नफा बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट उघडून त्यातच ठेवावा लागतो. साध्या एफडीत ठेवलात तर सवलत जाते, आणि ही चूक फार जण करतात.

फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, १२८ लाखांवर १.२८ लाख वाचतात, असं एजंट सांगेल. ते खरं आहे. पण जुनं घर दोघांच्या नावावर आहे, म्हणजे अर्धा नफा तुमचा. नवं घर एकट्या पत्नीच्या नावावर झालं तर तुमच्या अर्ध्या नफ्यावरची सवलत वादात सापडू शकते. सव्वा लाखासाठी तो वाद अंगावर घेऊ नका, दोघांच्या नावावर घ्या.

पुनर्विकासाची आशा तुम्हाला विक्रीपासून मागे खेचतेय, आणि ती पूर्णपणे निराधार नाही. ४३० फुटांवर २५-३० टक्के जास्त मिळाले तर ५४० ते ५६० फुटांचं छोटं टू बीएचके पाचपाखाडीतच, शाळेशेजारी, जवळजवळ फुकट. असं होत असेल तर मीच तुम्हाला थांबा म्हणेन. पण जिन्यातली चर्चा आणि पुनर्विकास यांत फार अंतर आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार प्रकल्प सल्लागार नेमणं, व्यवहार्यता अहवाल, निविदा आणि मग विशेष सभेत एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची लेखी संमती, असा क्रम आहे. सेक्रेटरींकडून सभेचं इतिवृत्त मागा. सल्लागाराच्या नेमणुकीचा ठराव नसेल तर दोन वर्षांत काहीच झालेलं नाही असं समजा. इमारतीसमोरचा रस्ता मोजा. ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून आणून वापरता येणारा बांधकामाचा हक्क) बहुधा मिळत नाही आणि विकासकाचं गणित बसत नाही. विकासक निवडला गेला असेल आणि करार नोंदणीच्या टप्प्यावर असेल, तरच थांबा, आणि तेव्हा ९८ ला विकूही नका, कारण त्या घराची किंमत वेगळी असेल.

इमारत २०२२ मध्ये ३० वर्षांची झाली, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल आधी वाचा. सी-१ शेरा असेल, म्हणजे अतिधोकादायक, तर गिऱ्हाइकाला कर्ज मिळणार नाही आणि व्यवहार मोडेल. एरवीही इतक्या जुन्या इमारतीवर काही बँका कमी कर्ज देतात. म्हणून गिऱ्हाईक किती रक्कम स्वतःची आणणार हे टोकन घेण्याआधी विचारा. १९९२ पासूनच्या सगळ्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, इमारतीची ओसी (जुन्या ठाण्यात अनेक इमारतींना ती नाही), सोसायटीची एनओसी आणि तुमचं इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) एका फायलीत लावून ठेवा. मधला एखादा करार सापडत नसेल तर आताच नोंदणी कार्यालयातून प्रत काढा. व्यवहाराच्या आठवड्यात धावपळ केली तर गिऱ्हाईक भाव पाडतं.

तुम्ही घेणार असलेल्या सोसायटीत एक गोष्ट हटकून मागा: मागच्या बारा महिन्यांची मेंटेनन्सची बिलं. घोडबंदरला टँकरचं पाणी हा खर्च आहे आणि तो मे महिन्याच्या बिलात दिसतो. डिसेंबरचं एकच बिल बघून ठरवू नका.

पैशांची जुळणी अशी. लागणार १४२, विक्रीतून ९७, फरक ४५ लाख. एफडीतून ७ लाख काढा, ३८ लाखांचं कर्ज घ्या. ८ टक्के दराने १५ वर्षांचा हप्ता ३६,३०० च्या आसपास. दर ९ झाला तरी ३८,५००. घरखर्च भागून हप्ता गेल्यावर ३० हजारांहून थोडे जास्त उरतात, त्यातून एसआयपी (फंडातली दरमहा गुंतवणूक) चालू राहील. उरलेल्या १५ लाखांना हात लावू नका. आईंचं वय आणि मुलीचं कॉलेज दोन्ही त्यावर आहे. गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापेल, म्हणजे ९८ हजार हातात कमी येतील आणि विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतील. तुम्हालाही विकणाऱ्याचे १.२८ लाख कापून सरकारकडे भरायचे आहेत. ते विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्यावर.

गिऱ्हाइकाला या आठवड्यात असं कळवा: ९८ लाख मान्य, सगळे चेकने, रोख एक रुपयाही नाही. टोकन १ लाख. नोंदणीनंतर ताबा ९० दिवसांनी, शेवटचे १० टक्के ताब्याच्या दिवशी. बहुतेक जण ६० दिवसांवर येतात, तेवढे पुरतील. टोकन घेण्याआधी तुमच्या ३८ लाखांच्या कर्जाची मंजुरी बँकेकडून लेखी घेऊन ठेवा आणि मानपाड्याकडची दोन-तीन घरं पक्की बघून ठेवा. घेण्याच्या करारातही नोंदणीपासून ४५ दिवसांत ताबा, हे कलम टाका. गिऱ्हाईक ९० काय, ६० दिवसांनाही तयार नसेल तर त्याला सोडा. दुसरं गिऱ्हाईक दोन लाख कमी देऊन तारखा मान्य करत असेल, तर त्याला विका.