मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला काही इतिहास आहे का, की नुसतं युनिव्हर्सिटीचं गाव? वस्ती किती?

तुमच्या मुलीला तिथे अ‍ॅडमिशन मिळालीये आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की ते गाव नाहीच, मोठं होस्टेल आहे. हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य न्यूजर्सीतला माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मला कित्येक वर्षं ऐकवतोय.

आधी आकडे. 2010 च्या जनगणनेत वस्ती 30,413 आणि 2020 ला 34,740. युनिव्हर्सिटीत पोरं चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे गावापेक्षा विद्यार्थी जास्त, कारण सगळे गावात राहत नाहीत. दादा म्हणतो विद्यार्थी वजा कर, मग बघ काय उरतं. का वजा करायचे? तिकडच्या जनगणनेत 1 एप्रिलला तुम्ही जिथे राहता तिथले तुम्ही, होस्टेल असो की भाड्याची खोली, पासपोर्ट कुठलाही असो. 2010 ला मी तिथे एका जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये चौघांत राहत होतो. त्या 30,413 मध्ये मी आहे.

वॉशिंग्टन डीसीच्या हद्दीपासून चारेक मैल, मेट्रोची ग्रीन लाईन, मधून रूट 1 जातो. पेंट ब्रँच, इंडियन क्रीक असे ओढे आहेत, ते पुढे अ‍ॅनाकोस्टिया नदीला मिळतात, त्यामुळे ओढ्यांकडचा भाग सखल.

कॉलेज 1856 चं, शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालं. नगरपालिका झाली थेट 1945 ला, आजूबाजूच्या छोट्या वस्त्या एकत्र करून. मधल्या काळात 1909 ला विल्बर राइटने इथे लष्करी अधिकाऱ्यांना विमान चालवायला शिकवलं आणि तोच विमानतळ आजही चालू आहे, सलग चालू असलेला जगातला सगळ्यात जुना. एवढ्यावरच दादाने गप्प बसायला हवं होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या वस्त्यांपैकी एक लेकलँड, रेल्वेलगतची, ओढ्याच्या पुराची जमीन, तिथे काळ्या लोकांची वस्ती झाली. त्यातले बरेच जण युनिव्हर्सिटीत स्वयंपाक, साफसफाई असली कामं करायचे, पण त्यांच्या पोरांना तिथे शिकता येत नव्हतं. पदवीला पहिला काळा विद्यार्थी घेतला 1951 मध्ये. पुढे पुराचं कारण देऊन अर्बन रिन्यूअल, म्हणजे जुनी वस्ती पाडून नवं बांधायची सरकारी योजना, आली आणि दीडशेपैकी 104 कुटुंबं हलवली. त्याच बाजूला मेट्रोच्या कामासाठी वाळू-खडी काढली, त्या खड्ड्याचं तळं झालं, लेक आर्टेमिशिया. आता तिथे लोक जॉगिंग करतात.

2013 च्या उन्हाळ्यात माझे वडील, आबा, आले होते, त्यांना मी या तळ्यावर घेऊन गेलो. काठावर एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीत गळ टाकून बसलेले, बाजूला गांडुळांचा डबा, मागून मेट्रो धडधडत जात होती. मी हॅलो केलं, तर त्यांनी काठीने पाण्याच्या पलीकडे दाखवलं आणि म्हणाले, तिकडे आमची गल्ली होती. मी आबांना सांगितलं तसे आबा तिथेच गवतात उकिडवे बसले. म्हणाले, "विचार त्यांला, घरं किती व्हती."

आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. नंतर आम्हाला रायगडात जमीन मिळाली. आबा घरी त्याबद्दल कधी फारसं बोलले नव्हते, आणि त्या दिवशी अर्धा तास मी नुसता इकडचं तिकडे सांगत होतो. आबांनी आळीवार घरं मोजून दाखवली, बोटांवर, इथे सुताराचं, इथे आमचं, पुढं देऊळ. त्या गृहस्थांची आई कॅम्पसच्या किचनमध्ये कामाला होती, ते त्यांनी सांगितलं. मग आबा म्हणाले, मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा चौथरा दिसतो, तुमचं काय दिसतं का? ते म्हणाले, नाही, हे पाणी उतरत नाही.

गाडीत बसेपर्यंत आबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर दादाला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, दोनचार घरं उठली म्हणून इतिहास होत नाही. माझं आणि दादाचं भांडण तेव्हापासूनचं आहे. त्याच्याही वडिलांचं घर शिवसागरातच बुडालंय. आणि 2020 मध्ये कॉलेज पार्कच्या सिटी कौन्सिलने लेकलँडबद्दल ठराव करून माफी मागितली. दोनचार घरांसाठी ठराव होत नसतो.

तर मुलीला सांगा, रूट 1 वरच्या नव्या टॉवरांमध्येच चार वर्षं काढू नकोस, लेकलँडमध्ये फिर, लोकांशी बोल. रात्री उशिरा एकटीने चालणं टाळावं, हे कुठल्याही कॅम्पसला लागू. माझी माहिती राहण्याच्या काळातली आहे, आता पर्पल लाईन या नव्या रेल्वेच्या कामाने रस्ते खूप बदललेत, भाडी तर वाढलीच आहेत.

आणि दादा, तू हे वाचशीलच. व्हर्जिनियाला जाताना बेल्टवेवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या रिंगरोडवर, एक्झिट 25 लागते. उतर तिथे. तळं जवळच आहे.