चित्रातली आई मुलांनाच सापडू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मुलांसाठी शनिवारी चित्रपुस्तकं वाचायची, तीही आईवडिलांच्या कष्टांवरची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. बडोद्यात या कामाला मोठी परंपरा आहे. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना ग्रंथालयं उभारायला बोलावलं, आणि पुढे खेडोपाडी पेट्या भरभरून पुस्तकं फिरू लागली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा निवांत जाऊन ये.

आता मुख्य गोष्ट. चार-पाच वर्षांच्या मुलाला उपकाराची जाणीव करून द्यायला जाऊ नकोस. ‘आई तुझ्यासाठी एवढं करते, आणि तू?’ हे ते घरी ऐकतच असतं. शिवाय या वयात मुलाला वाटतं की जे काही घडतं ते आपल्यामुळेच. आई दमली, आजारी पडली, तर दोष माझा. अशा मुलाच्या डोक्यावर त्यागाचं ओझं ठेवलं की प्रेम मागे पडतं, धास्ती तेवढी उरते. म्हणून आई शेवटी मरते अशा गोष्टी या वयाला नकोतच.

त्यापेक्षा चित्रावर विश्वास ठेव. समज, पानावर मधोमध मुलगा मजेत जेवतोय, आणि मागे ओट्याशी आई उभ्याउभ्याच पोळीचा तुकडा मोडतेय. मजकुरात तिचं नावही नाही. तूही गप्प राहा. पान उलटायची घाई नको. ‘अजून कोण दिसतंय?’ एवढंच विचार आणि थांब. कोणीतरी म्हणेलच, ‘ती बसली का नाही?’ उत्तर तू देऊ नकोस, मुलांनाच देऊ दे. अर्धं गुजरातीत येईल, येऊ दे. तिथे मराठी सुधारत बसलीस तर विचार तुटेल.

पुस्तकं निवडताना बाबाही शोध. रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेला आणि तरी मुलाला शाळेत सोडणारा बाबा आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. पण पुस्तकांत तो कमीच भेटतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, तिथे बघ.

हिरकणी मात्र जरूर सांग. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती गवळण अंधारात कडा उतरली. आपल्या मुलांनी रायगड पाहिलेला नसतो, बडोद्याजवळचा पावागड आणि तिथला उडनखटोला, म्हणजे रोपवे, पाहिलेला असतो. ‘उडनखटोला नाही, पायऱ्या नाहीत, रात्र आहे’ असं सांग, डोळे मोठे होतील. मुलं पहिल्यांदा बाळाचीच चौकशी करतात: रडत होतं का, कोणी घेतलं का? त्या प्रश्नांना भरपूर वेळ दे. महाराजांनी बुरूज बांधला हे शेवटी एका वाक्यात पुरे. बाळ तिच्या कुशीत गेलं, तिथेच मुलांची गोष्ट पुरी होते.

एक काळजी घे. गटात एखादं मूल आजीकडे वाढत असेल, एखाद्याचे आईवडील वेगळे राहत असतील. आधी चौकशी कर, आणि बोलताना ‘तुझी आई’ न म्हणता ‘तुला घरी कोण भरवतं, कोण झोपवतं’ असं विचार. म्हणजे त्या मुलालाही सांगण्यासारखं काहीतरी असतं.

गोष्ट झाल्यावर ‘मी आईला त्रास देणार नाही’ असं वदवून घेऊ नकोस. पालक आग्रह करतील, तरी नाही. खडू दे आणि ‘आपल्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?’ याचं चित्र काढायला सांग. पहिल्या शनिवारी दोनच पुस्तकं ने. तिसरं मुलं मागतील तेव्हा काढ.

तुझी,
मावशी