पेंट शॉपपासून सुरुवात करा : वाचकांचे प्रश्न

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी माणसं रोज पहाटे कंपनीच्या बसनं पीथमपूरच्या कारखान्यांत जातात. तिथल्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या विभागात, मी स्वतः बावीस वर्षं काढली. गाड्यांच्या कारखान्यांमुळे होणारं प्रदूषण कसं कमी करता येईल, यावर आलेल्या पत्रांपैकी चार आज घेतो.

सांवेर रोडवर आमचं ब्रॅकेट बनवण्याचं छोटं युनिट आहे. फॉस्फेटिंग (रंगाआधी लोखंडावर दिला जाणारा रासायनिक थर) आणि पावडर कोटिंग (कोरड्या पावडरचा रंग) हेही आमचंच. मोठी कंपनी आता वीज-पाण्याचा हिशेब मागते. सौर पॅनेल बसवू का? (एक उद्योजक, सुदामानगर)

बसवा, पण आधी एक रविवार द्या. सगळी मशीनं बंद ठेवून फक्त हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ घेऊन बसा. हवा कुणीच वापरत नसताना तो मधूनमधून लोड घेत, म्हणजे हवा भरत असेल, तर ती सगळी गळती. लोड दीड मिनिट आणि अनलोड, म्हणजे हवा न भरता, साडेचार मिनिटं आलं, तर २५ टक्के हवा वाया जाते आहे. मग ब्रशनं साबणाचा फेस लावत पाइपचा एकेक जोड तपासा. शांत शेडमध्ये बारीक फुसफुस कानालाही ऐकू येते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊन जातो, त्यामुळे दाबलेली हवा ही कारखान्यातल्या महागड्या गोष्टींपैकी एक आहे. दुरुस्तीला मात्र बहुतेक वेळा एक वॉशर किंवा क्लॅम्प पुरतो.

दुसरं काम टाक्यांचं. धुण्याच्या प्रत्येक टाकीत वेगळा नळ सोडू नका. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत घ्या आणि ते उलट्या दिशेनं मागच्या टाक्यांत उतरू द्या. जॉब, म्हणजे धुवायचा भाग, उचलला की टाकीवरच अर्धा मिनिट निथळू द्या. केमिकल पुढच्या पाण्यात गेलंच नाही, तर ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा, भार आपोआप घटतो. गरम टाकीला रात्री झाकण हवंच.

पुढे जमलं तर फॉस्फेटिंगऐवजी झिर्कोनियमचा पातळ थर देणारी प्रक्रिया बघा. ती खोलीच्या तापमानाला चालते आणि गाळ खूप कमी होतो. पण ग्राहक कंपनीची मंजुरी आणि सॉल्ट स्प्रे (मिठाच्या फवाऱ्यात गंज तपासणारी) चाचणी झाल्याशिवाय टाकी बदलू नका.

इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना स्वच्छच ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

इंजिनचं मशीनिंग आणि त्याचं कटिंग ऑइल जातं, पण बॉडीला रंग तसाच लागतो आणि बॅटरीची भर पडते. बॅटरीतले सेल बनवायला अतिशय कोरडी हवा लागते आणि ती कोरडी ठेवायला भरपूर वीज. शिवाय प्रदूषणाचा बराचसा भार गेटच्या आत यायच्या आधीच धातूत बसलेला असतो. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजातून करण्याच्या मानानं ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. प्रोजेक्ट करायचा असेल तर हा विषय घे.

आमच्या गावाजवळच्या कंपनीनं झाडं लावली, पण रंगाचा गाळ कुठे जातो? (पीथमपूर परिसरातील वाचक)

योग्य जागी बोट ठेवलंत. बॉडीवर न बसलेला रंग बूथमधल्या, म्हणजे फवारणीच्या बंद खोलीतल्या, पाण्यात पडतो आणि त्याचा चिकट गाळ होतो. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो अधिकृत विल्हेवाट केंद्रात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळायला द्यावा लागतो आणि प्रत्येक खेपेसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे फॉर्म १०, असावा लागतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपुरात जाळला गेला, तेव्हापासूनची तुमची धास्ती मी समजू शकतो. माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोन कागद मागा : कंपनीचं वार्षिक पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, जे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यावं लागतं, आणि घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न. किती गाळ निघाला आणि किती बाहेर गेला, हे आकडे जुळवून बघा. झाडांची संख्या मोजून यातलं काही कळणार नाही.

मुलगा पेंट शॉपमध्ये आहे, घरी येतो तेव्हा अंगाला थिनरचा वास असतो. पाण्याच्या रंगानं हे थांबेल का? (एक आई, लोकमान्यनगर)

ताई, बरंच कमी होईल, पूर्ण नाही. पाण्याच्या बेसकोटमध्येही, म्हणजे रंगाच्या थरातही, थोडं सॉल्व्हंट (थिनरसारखं उडून जाणारं द्रावण) असतं आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा सॉल्व्हंटचाच राहतो. बाहेरच्या हवेला फायदा नक्की आहे, कारण सॉल्व्हंटची हीच वाफ उन्हात धुराड्यांच्या आणि गाड्यांच्या धुराशी मिळून जमिनीलगतचा अपायकारक ओझोन बनवते. पण पाणी सावकाश सुकतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, जुलैत ओलीचिंब; बूथमधली हवा मात्र बारा महिने एकसारखी लागते. गाडीच्या कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा पेंट शॉपच खातो, आणि त्यातला मोठा वाटा या हवेचा. म्हणून रंग बदलताना बूथची हवा गाळून पुन्हा फिरवायची सोयही केली पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

मुलानं मात्र रंग बदलायची वाट बघत थांबू नये. हात थिनरनं धुवायचे नाहीत, फवारणीची गन झाकणबंद वॉशर यंत्रातच साफ करायची, कापडी मास्क चालणार नाही, कोळशाच्या काडतुसाचा हवा. आणि तो बंपरवर दोन घटकांचा क्लिअर मारत असेल, तर त्यातल्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. ते वासानं लक्षात येत नाही, त्यामुळे काडतूस संपलेलंही कळत नाही. त्या कामाला बाहेरून ताजी हवा देणारा मास्कच लागतो. तो उद्याच्या पाळीला सुपरवायझरकडे मागायला सांगा.