बंद नको, कमी कर

पोरी,

परवा जिन्यात तू विचारलंस, "काका, दहावी म्हणून मल्लखांब बंद करू का? सर म्हणतायत येत राहा, आई म्हणते एकच तर वर्ष आहे, मी काय करू?" आणि मी आपलं 'बघू गं, निवांत बोलू' म्हणत सटकलो. सटकायला कारण काही नव्हतं, हातात फक्त दुधाची पिशवी होती. पण ते 'एकच तर वर्ष' ऐकून पोटात जे ढवळलं ते जिन्यात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय. लांबण लागेल, क्लासच्या रिक्षात वाच.

खेळ का महत्त्वाचा, कला का जपावी वगैरे काही लिहिणार नाही. ते तुला माहितीये, तुझ्या आईलाही माहितीये, तिनेच तर तुला दुसरीत असताना हाताला धरून दोरीच्या मल्लखांबाला नेलं होतं. प्रश्न एवढाच की बंद करायचं का कमी करायचं. माझं उत्तर, कमी कर. पाच दिवस जातेस ना आठवड्याचे, एक दिवस जा. एक तास जा. पण बंद नाही.

मी बंद केलं होतं. जून १९९०. मी पुरलेल्या खांबावर होतो, साधी अढी (उलटं होऊन पायांनी खांब धरायची पकड), बगली असे प्रकार करत करत पुढच्या दसरंगापर्यंत आलो होतो आणि सर माझ्याकडे जरा लक्ष देऊन बघायला लागले होते. घरात ठरलं की मार्च संपला की परत जायचं. कोणी ओरडलं नाही, मारलं नाही, मीच मान डोलावली. परीक्षा झाली, एप्रिलच्या पहिल्याच सोमवारी मी लंगोट घेऊन हजर, आणि उलटा झालो तर अढी लागायच्या आधीच सुर्रकन खाली. परत गेलो, परत खाली. त्या दहा महिन्यांत मी चांगला चार इंच वाढलो होतो, पाय लांब झालेले, वजन भलतीकडे गेलेलं, वर एरंडेल लावलेला खांब, धरणार कुठे. माझ्या बरोबरची पोरंही वाढली होती की, पण ती खांबावरच वाढली होती, शरीर थोडं बदललं की हात थोडा वर, पाय थोडा खाली, त्यांना कळलंसुद्धा नाही आपण काय दुरुस्त करतोय ते. मला ते सगळं एका सकाळी करायचं होतं. सहावीतला एक मुलगा पुढे आला, "दादा, मी दाखवू का?" चांगल्या मनाने विचारलं त्याने. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग अकरावी, मग बारावी, मग काय, सांगायला नको. दहावीला पर्सेंट किती पडले विचारशील तर ८१. गेल्या पंचवीस वर्षांत एकाही माणसाने विचारलेले नाहीत.

तू म्हणशील तुमचं वेगळं होतं, मी दोरीवर आहे. अगं दोरीवर तर जास्तच. तुझ्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात जी जाड कातडी झालीये ना, जी लपवायला तू लग्नाकार्यात बूट घालतेस, ती किती वर्षांत झाली? आणि मऊ पडायला काही आठवडेच लागतात बघ. मग पुढच्या एप्रिलला पहिल्याच दिवशी दोरी अशी कापेल की तुला वाटेल हे आपल्याला कधी जमतच नव्हतं. म्हणून म्हणतो एक दिवस. त्या कातडीपुरता तरी जा!

आणि चित्रांचं काय लावलंय तुम्ही दोघींनी? इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट आलं, आता झालं चित्रकलेचं, असं आई म्हणाली आणि तूही 'हो ना' म्हणालीस, मी तिथेच होतो. झालं म्हणजे काय झालं? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर दिलेस, ग्रेड आली, दहावीत वाढीव मार्क मिळतील, चांगलंच आहे, मीही पेढा खाल्ला. पण परवा तुझी भूगोलाची वही आमच्याकडे राहिली होती आणि मी मागचं पान पाहिलं (सॉरी). दोरीला उलटी लटकलेली मुलगी. दोरी नेमकी अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातून गेलीये आणि मांडीवरून फिरून पाठीमागे आलीये, गाठ कुठेही नाही. दोरीवर कधी न चढलेला माणूस तिथे हमखास गाठ काढेल, कारण त्याच्या डोक्यात बसतच नाही की गाठीशिवाय माणूस लटकतो कसा. ते पान कुठल्या ग्रेडसाठी काढलं होतंस? तेवढं चालू ठेव की. वहीच्या मागे, रोज नाही तर आठवड्याला एक. त्याला क्लास लागत नाही, फी लागत नाही, आईची परवानगीही लागत नाही.

कमी म्हणजे काय तेही सांगतो, नाहीतर तू कमी म्हणून चार दिवस ठेवशील. यंदा स्पर्धा नको. जिल्ह्याचं सिलेक्शन नको, गणपतीतली प्रात्यक्षिकं नकोत, आणि क्रीडा सवलतीच्या मार्कांसाठी धावाधाव तर मुळीच नको. शुक्रवारी संध्याकाळी क्लास नसतो, तेवढा एक तास. नवीन काही शिकू नकोस, जे येतं तेच कर. कंटाळा आला तरी जा, टेस्ट वाईट गेली तरी जा, प्रिलिमच्या आठवड्यात अर्धा तास जा.

इथे तुझी आई म्हणेल, सांगतोय कोण बघा. माहितीये मला. आमच्या चिरंजीवांना मी दहावीत फुटबॉल बंद करू दिला नाही आणि त्याला ७९ पडले, हे काकू दर समारंभात सांगते. आता त्या ७९ चा आणि फुटबॉलचा काय संबंध? त्याचं भूमितीचं घोडं आठवीपासून अडलेलं होतं, मैदान सोडून तो काय प्रमेयं पाठ करणार होता का, मोबाइलच बघत बसला असता. प्रिलिमच्या आदल्या दिवशी मॅचला पाठवला ते चुकलं, तेवढं कबूल. कमी कर म्हणायचं आणि मॅचला पाठवायचं हे काही बरोबर नाही. पण आज तो नोकरीच्या गावी रविवारी सकाळी सहाला उठून खेळायला जातो आणि मी त्याच्या वयाचा असताना रविवारी दहापर्यंत लोळत होतो. हे काकू सांगत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कला पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली तेव्हा घरी ऑफिसचं काम सांगून मी बघायला गेलो होतो. एरंडेलाचा वासही ज्यांच्या घरात कधी आला नसेल असे परदेशी खेळाडू खांबावर चढत होते आणि मी शेंगदाणे खात खाली बसलेलो. त्याच्या पुढच्या महिन्यात मी परत सुरू केलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत. पहिली साधी अढी लागायला तीन महिने गेले. लॉकडाऊनमध्ये दाराच्या बारला लोंबकळायचो, वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारायचे काय पडलं. दसरंग अजून नाही जमलेला, आता जमणारही नाही, गुडघा सांगतो तसं. पण रविवार चुकवत नाही. २८ वर्षं चुकवले ते बास झाले.

मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले होते, तुझ्या आईनेही. आठवण करून दे तिला. नको, तू नको बोलूस, उगाच भांडण होईल, मी बोलतो. तिला फक्त शुक्रवारचा एक तास मागणार आहे आणि बदल्यात तुझं बीजगणित मी घेईन, भूमिती नाही, भूमितीबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

वही उद्या घेऊन जा. चित्र झकास आहे, पण हाताची बोटं तुला अजून येत नाहीत, सगळी भेंडीसारखी झालीत.

काका