हेरकथेचा पहिला भाग लिहिताना

तुमच्या मालिकेच्या पहिल्या भागाची संहिता मी दोनदा वाचली. 1961 चा डिसेंबर, गोव्याच्या मोहिमेसाठी बेळगावात जमलेले सैन्य आणि त्या गर्दीत मिसळलेला पोर्तुगीजांचा खबऱ्या ही कल्पना मला मनापासून आवडली. मात्र पहिल्याच प्रसंगात त्याचे बालपण, कर्ज आणि फितुरीचे कारण सांगून टाकल्याने प्रेक्षकाला शोधण्यासारखे काही उरत नाही. तो कोण आहे हे लपवा आणि तो काय करतो ते दाखवा. कॅम्पातल्या रस्त्यावर शेंगा खाऊन झाल्यावर सगळे जण पुडीचा कागद फेकतात, हा मात्र तो नीट घडी करून खिशात ठेवतो, एवढे पुरे आहे.

एक चूक तातडीने दुरुस्त करा. गोव्याहून येणाऱ्या रेल्वेतून तो उतरतो असे तुम्ही लिहिले आहे, पण गोव्याच्या सीमेजवळच्या कॅसलरॉक स्थानकामार्गे होणारी ती वाहतूक भारताने गोव्याच्या केलेल्या 1955 च्या नाकेबंदीत बंद झाली होती. त्याला घाटातून पायी आणा. दृश्यही त्यानेच उठावदार होईल.

संवादांबद्दल आग्रहाने सांगतो, त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी नको. बेळगावच्या मराठीत कन्नडचा हेल आहे, त्याच्या बोलण्यात कोकणी डोकावेल, आणि चहावाल्याच्या कानाला ते खटकेल, तिथेच भाग थांबवा.