विंटहूक ते व्हिक्टोरिया फॉल्स गाडीने : प्रवासाआधीच्या तब्येतीच्या शंका

नामिबियाची राजधानी विंटहूकला उतरायचं, छतावर तंबू असलेली फोर बाय फोर गाडी भाड्याने घ्यायची आणि एटोशा, ओकावांगो, चोबे ही जंगलं करत झिंबाब्वेतला व्हिक्टोरिया फॉल्स गाठायचा. या वाटेला निघालेले प्रवासी माझ्याकडे येतात ते त्याच गोंधळासह, आणि बहुतेकदा विमानाच्या दोन दिवस आधी.

प्रश्न : यलो फीवरची (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची) लस लागते का?

नामिबिया, बोट्स्वाना आणि झिंबाब्वेत हा आजार नाही. प्रश्न असतो विमानाच्या मार्गाचा. अदिस अबाबा किंवा नैरोबीला मुक्काम करणार असाल, तर वाटेतले देश आणि परतताना भारतही लसीचा दाखला मागू शकतो. लस टोचल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो. तिकीट काढण्यापूर्वीच सरकारमान्य केंद्रात विचारा. वय ६०च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : खोकल्याचं औषध सोबत नेलं तर चालेल?

व्हिक्टोरिया फॉल्सपलीकडच्या झांबियात शिरणार असाल तर बेनाड्रिलसारखी बाटली घरीच ठेवा. त्यातल्या डायफेनहायड्रामिन या घटकावरून तिथे प्रवाशांना अटक झालेली आहे. बाकीची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह.

प्रश्न : लहानपणापासून डास चावतात, आपल्याला मलेरियाच्या गोळ्या कशाला? एजंटने डास पळवणारे, मनगटात घालायचे पट्टे दिले आहेत.

हे पट्टे विकणं थांबलं पाहिजे. त्यांनी मलेरिया टळत नाही. आणि पुण्या-मुंबईत डास चावून मलेरियाची प्रतिकारशक्ती येत नाही. वर्षानुवर्षं वारंवार मलेरिया होणाऱ्या भागात राहून ती येते, तीही अर्धवट, आणि तो भाग सोडला की ओसरते.

या वाटेवर मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा मलेरिया आहे. एक-दोन दिवसांत तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि जुन्या क्लोरोक्विनला दाद देत नाही. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपण दिवाळीच्या सुट्टीत जातो तेव्हा त्याची सुरुवात असते. झांबेझी नदीकाठी तर धोका बाराही महिने. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, नेमकं तुम्ही तंबूबाहेर चूल मांडून बसता तेव्हा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डीईईटी (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा, तंबूची जाळी कुठे फाटली आहे का ते गाडी ताब्यात घेतानाच बघा.

गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस चालू ठेवायची असते, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. डॉक्सिसायक्लिनने ऊन बाधतं. मेफ्लोक्विन फिट येणाऱ्यांना, नैराश्य असलेल्यांना देत नाहीत; तिने चक्करही येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने विशेष विचारून घ्यावं. गरोदर बाईने तर ही वाटच आत्ता धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गोळ्या घेऊनही ताप येऊ शकतो. तिथे पोहोचून आठवडा झाल्यावर कधीही किंवा परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिनवर दिवस काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता सांगा, ‘मी आफ्रिकेतून आलोय.’

प्रश्न : पुढे झांबेझीवरच्या करिबा तलावात पोहू का?

नको. मगरी आहेत, बिलहार्झियाही (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांचा आजार) आहे. पाण्यात उतरला असाल तर परतल्यावर तपासणी करून घ्या.

प्रश्न : वेळ वाचवायला रात्री गाडी चालवली तर?

अजिबात नाही. कुडू (मोठी हरणं), गाढवं, हत्ती रस्त्यावर येतात, आणि रुग्णालय कित्येक तासांवर असतं.

प्रश्न : तुमच्याकडे कधी यावं?

निघण्याच्या सहा आठवडे आधी. चालू औषधांची यादी आणि मुक्कामांचा क्रम घेऊन.