फोटोला पाठ नसते

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप आणि त्यासोबतचे कानातल्यांचे फोटो परवा रात्री पाहिले. उत्तर लगेच दिले नाही, कारण मोबाइलवर चार ओळींत उरकण्यासारखा तो प्रश्न नव्हता. परदेशातल्या एका कलावतीचे पानांचे डूल पाहून तू तसे डूल केलेस, प्रदर्शनात एका बाईंनी ते हातात घेऊन 'ही तर सरळ कॉपी आहे' असे चारचौघांत म्हटले, आणि तेव्हापासून तू इतरांचे काम पाहणेच बंद केले आहेस, असे तू लिहितेस. त्या बाईंचे म्हणणे कितपत खरे आहे ते पुढे सांगते. मात्र पाहणे बंद करण्याचा तुझा निर्णय मला मुळीच पटलेला नाही.

ज्या पॉलिमर क्ले नावाच्या पदार्थात आपण काम करतो त्याचा इतिहास जेमतेम एका माणसाच्या आयुष्याएवढा आहे. नावात क्ले असली तरी त्यात मातीचा कण नसतो. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य आणि रंग एवढाच तो मामला आहे. जर्मनीत केथे क्रूझ या प्रसिद्ध बाहुलीकार बाईंच्या मुलीने, जिला घरात फिफी म्हणत, या पदार्थाला हस्तकलेच्या साहित्याचे रूप दिले, 1964 मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो तिच्याकडून घेतला आणि तोच पुढे फिमो या नावाने घराघरांत गेला. अमेरिकेतल्या स्कल्पी या क्लेची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो लगदा तयार केला होता. त्या कामी तो आला नाही आणि हस्तकलेच्या टेबलावर येऊन पोहोचला. सांगायचे कारण असे की, सोनाराला किंवा कुंभाराला जशी पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आयती मिळते तशी या पदार्थाला मिळाली नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा हातात घेतला त्यांना काचकामातून, धातुकामातून आणि मातीकामातून उसने आणावे लागले, आणि नंतर एकमेकांकडूनही.

तुझ्या पानांवर पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत जी सावली उतरली आहे, तिचेच उदाहरण घे. दोन रंगांच्या पट्ट्यांचे काटकोन त्रिकोण कापून एकमेकांना जोडायचे, घडी घालायची, घडीची बाजू आधी घालून पास्ता मशीनमधून काढायची, आणि दिशा न बदलता हेच वीस-बावीस वेळा करायचे; सातव्या-आठव्या फेरीपर्यंत पट्टीवर नुसते ओरखडे दिसतात आणि शिकणारीला वाटते की आपली क्ले वाया गेली, आणि मग पंधराव्या फेरीच्या आसपास रंग एकमेकांत विरघळू लागतात. हे तंत्र ज्युडिथ स्किनर या अमेरिकन बाईंनी 1990 च्या दशकात सगळ्यांना दाखवले. त्यांनी ते कुलूपबंद ठेवले असते तर कोणी दोष दिला नसता. आज जपानमध्ये असो, रशियात असो की कोथरूडमध्ये, जी कोणी ही सावली काढते ती तिला स्किनर ब्लेंडच म्हणते. तू ती वापरलीस म्हणून तुला कोणी चोर म्हणणार नाही. चिरोटे करणारीला साटा लावण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही, तसेच हे आहे.

केनचे, म्हणजे आरपार नक्षी असलेल्या क्लेच्या कांडीचेही तेच. बाकरवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते; केनमध्ये हेच तत्त्व फुलापानांसाठी वापरलेले असते. ते आले काचेतून. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या रंगीत कांड्या जोडून, ताणून, कापून मिलेफिओरी म्हणजे 'हजार फुले' करतात, आणि त्यांच्याही आधी रोमन काळातल्या कारागिरांना ही युक्ती माहीत होती. मोकुमे गाने जपानचे: सतराव्या शतकात तलवारीच्या मुठीच्या साजासाठी वेगवेगळ्या धातूंचे थर एकजीव करून त्यांतून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी काढत. आपण क्लेचे थर दाबून, उंचवटे पात्याने तासून तोच परिणाम मिळवतो आणि नावही तेच ठेवतो.

पॉलिमरचे दागिने करणाऱ्या सिंथिया टूप्स यांचे काम तुला मी मागे दाखवले होते. रोममधल्या सूक्ष्म मोझेकमध्ये काचेचे दोऱ्यासारखे बारीक तुकडे बसवत. टूप्सनी पॉलिमरचे धागे काढले, भाजले, त्यांचे तुकडे केले आणि कच्च्या क्लेच्या पायावर एकेक करून टोचले. कल्पना रोमची असली तरी त्या ब्रोचकडे पाहून रोम आठवत नाही, टूप्सच आठवतात. हे कसे घडते याचा विचार कर, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. पदार्थ बदलला की हाताला नवे प्रश्न पडतात, आणि त्या प्रश्नांची उत्तरे उसनी मिळत नाहीत. आपल्या नथीचे तरी वेगळे काय आहे? तिच्यातले बसऱ्याचे मोती इराणच्या आखातातून आलेले, पण ती तार वळवून तो घाट देणे इथल्या हातांचे आहे.

आता माझी एक जुनी फजिती सांगते. वर्गात ती कधी सांगितली नाही. मी या कामात नवी असताना एका परदेशी मासिकातला गळ्यातला हार पाहिला आणि झपाटल्यासारखी तीन आठवडे त्याच्या मागे लागले. रंग जुळवले, मणी जुळवले, अगदी मण्यांमधले अंतरही फूटपट्टीने मोजून जुळवले. कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनात तो हार पहिल्याच दिवशी विकला गेला आणि मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी त्या ग्राहक बाई परत आल्या. मानेवरची जोडणी टोचत होती, आणि हारावर शोभेलशी अंगठीही त्यांना हवी होती. मला दोन्ही जमले नाही. मासिकातल्या फोटोत हाराची पुढची बाजू होती. मागे काय आहे, वजन कसे तोललेले आहे, मणी पोकळ आहेत की भरीव, हे मला ठाऊकच नव्हते. अंगठी सुचेना, कारण हाराचा विचार मी केलेलाच नव्हता, तो दुसऱ्या कोणी केला होता. पैसे परत दिले, हार घरी आणला, आणि तो अजून माझ्या कपाटात आहे. फोटोला पाठ नसते, एवढे मी त्या दिवशी शिकले.

त्या दृष्टीने तुझे डूल मी फोटो मोठा करून पाहिले. सावली उत्तम उतरली आहे. शिरा काढताना तू केन तिरकी कापून मध्ये गडद पट्ट्या घातल्यास आणि एक अर्धा भाग उलटा करून जोडलास, हे दिसते. दोन्ही बाजूंच्या शिरा मधल्या देठाशी नीट येऊन मिळतात, आणि हे पहिल्या वर्षात जमणारे काम नाही. पण तीन पानांची उतरती मांडणी त्या परदेशी कलावतीची, पानांची टोके वळवण्याची लकब तिची, आणि जुन्या पितळी रंगाची साखळीसुद्धा तीच. म्हणजे प्रदर्शनातल्या बाईंचा स्वर वाईट होता, पण म्हणणे निम्मे बरोबर होते. तंत्र सगळ्यांचे असते, मांडणी मात्र करणारीची असते. सरावासाठी हुबेहूब नक्कल करायला माझी हरकत नाही, मीच तुम्हाला ती करायला लावते. तिच्यावर किंमत चिकटवून ती टेबलावर मांडली की गोष्ट बदलते. ते डूल विकू नकोस. स्वतः घाल, किंवा आईला दे.

मग पाहायचे कसे? माझी पद्धत सांगते, पटली तर घे. आवडलेल्या कामाकडे दहा मिनिटे पाहावे, मग ते बंद करून वहीत लिहावे की नेमके काय आवडले. 'सुंदर आहे' हे चालणार नाही. 'कड जाड ठेवल्यामुळे पान मांसल वाटते' असे काहीतरी हवे. आणि मग ती एकच गोष्ट घेऊन, मूळ काम पुन्हा न पाहता, अगदी वेगळ्या वस्तूवर करून पाहावी.

वस्तू कुठून आणायची याबद्दल माझे मत थोडे तिखट आहे. हल्ली 'आपले' काही करायचे म्हटले की जो तो पैठणीचा मोर नाहीतर वारलीची माणसे छापतो. तुळशीबागेत फिरलीस तर मोरांचा अख्खा थवा भेटेल. त्यापेक्षा तांबट आळीत जा आणि तांब्याच्या हंड्यावर मठारकाम होताना अर्धा तास उभी राहा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने एकेक गोल खूण उमटते, त्यांच्या रांगा पडतात, आणि प्रकाश त्या प्रत्येक खुणेत वेगळा थांबतो. तो प्रकाश क्लेमध्ये आणता येईल का, हा प्रश्न कोणाच्याही फोटोत नाही. किंवा केळकर संग्रहालयात जाऊन नुसते अडकित्ते आणि वज्र्या पाहून ये. पाय घासायची वज्री, तिलाही ज्याने मूठ म्हणून पक्षी बसवला त्या माणसाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेण्याची सवय आतापासून लाव. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात तू माझ्याबरोबर बसली आहेस. गायक बंदिशीच्या आधी ती कोणाची, कोणाकडून मिळाली हे सांगतो आणि तेवढ्याने त्याचे गाणे कमी होत नाही. तुझ्या कार्डाच्या मागे 'स्किनर ब्लेंड' एवढे दोन शब्द छापायला काय खर्च येतो? एखादीच्या कामावरून सुचले असेल तर तिला दोन ओळी लिहून कळव. मी आजवर लिहिले त्यांतल्या बहुतेकींनी आनंदाने उत्तर दिले. मात्र पैसे भरून शिकलेला वर्ग जसाच्या तसा पुढे शिकवायचा नाही. त्यासाठी आधी विचारायचे, आणि नाही म्हटले तर नाही.

या देवाणघेवाणीत घेणारे आपणच असतो असे समजू नकोस.  दूर कशाला, आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये, झापा जिल्ह्यातल्या बिर्तामोडला 'समुन्नत' नावाची संस्था आहे. नावाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायका तिथे पॉलिमरचे दागिने करून कमावतात. वेंडी मूर या ऑस्ट्रेलियन बाईंनी त्यांना हे काम दाखवले, इतर देशांतल्या कलाकारांनीही हात लावला, आणि आता त्या बायकांचे मणी पाहून लांबच्या लोकांना काही सुचते.

तुझ्याकडेही देण्यासारखे आहे. बाहेरची पुस्तके थंड घरांत लिहिलेली असतात. क्ले कडक असते, ती खिशात ठेवून किंवा गरम पाण्याच्या पिशवीने ऊब देऊन मऊ करा, असे ती सांगतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की आपली अडचण नेमकी उलटी असते. केन कापायला घ्यावी तर पात्याखाली ती चपटी होते आणि पानाचे भजे होते. गेल्या वर्षी तू क्लेची पातळ पट्टी कोऱ्या कागदांत घालून वर जाड शब्दकोश ठेवलास, रात्रीतून कागदावर तेलाचा डाग आला आणि क्ले कापण्याजोगी घट्ट झाली. मग केन पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये आणि काम पहाटे, हे वेळापत्रक तूच बसवलेस. किती कागद, किती वेळ, कोणत्या रंगाला जास्त लागते, हे सगळे नीट लिहून काढ आणि ज्या बाईंच्या पानांवरून तू शिकलीस त्यांना पाठव. त्यांना नसेल उपयोग, पण उन्हाळा तापणाऱ्या गावांत राहणारे त्यांचे विद्यार्थीही असतीलच.

एक किरकोळ गोष्ट राहिली. फोटोत डाव्या पानाची कड तपकिरी दिसते, म्हणजे तुझा ओटीजी पुन्हा खोटे बोलतो आहे. पाकिटावर 130 अंश लिहिले असेल तर आत 130 च हवेत; पीव्हीसी फार तापले की नुसते करपत नाही, बोचरा आणि अपायकारक वायू सोडते, तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा आणि डायलवर विश्वास ठेवू नकोस. रविवारी चारनंतर घरी ये. डूल घेऊन ये, दांडी कशी बसवलीस ते मला मागच्या बाजूने पाहायचे आहे. माझा तो जुना हारही काढून ठेवते, त्याची पाठ तू पाहा. आणि दिवाळीच्या आधी नेलेले माझे ओव्हनचे थर्मामीटर आठवणीने आण, कारण तुझ्यानंतर ते आणखी दोघींनी मागितले आहे.

तुझी,
काकू